रक्त साडेचार ग्रॅम भरलं, मग?

सरकारी रुग्णालयातल्या लहान मुलांच्या वॉर्डाबाहेर बाकड्यावर थोडा वेळ बसलं की हा प्रश्न कानावर येतोच. "पोराचं रक्त साडेचारच ग्रॅम भरलंय म्हणतात, आणि अजून पिशवी लावली नाही. कशाची वाट बघतायत?" विचारणारी बहुधा आजी असते. शेजारची बाई त्यात आणखी भर घालते. तिच्या नातीचं साडेपाच भरलं होतं आणि तिला मात्र आल्या आल्या चढवलं. ज्याचं जास्त त्याला आधी, ज्याचं कमी तो थांबलेला! ओळखीपाळखीचा खेळ असणार, असं दोघींचंही मत पडतं.

ओळखीपाळखी असेलही. पण ती नसतानाही हे असंच घडू शकतं, आणि ते बरोबर असू शकतं. का, हे डॉक्टरांनाही पन्नासेक वर्षांपूर्वी नीट ठाऊक नव्हतं. ते कळलं मुख्यतः पूर्व आफ्रिकेतल्या काही रुग्णालयांमधून. तिथे मलेरियाने रक्त आटलेली मुलं इतक्या संख्येने येत, की कोण जगलं आणि कोण गेलं याचा नीट हिशेब मांडता आला.

१. हे 'ग्रॅम' कशाचे?

"चार ग्रॅम रक्त" म्हणजे अंगात चारच ग्रॅम रक्त उरलंय असं नव्हे. मुलाच्या अंगात किलोमागे साधारण ८० मिलिलिटर रक्त असतं. दहा किलोच्या पोराचं ते झालं ८०० मिलिलिटर. पांढरंफटक पडलेल्या मुलाच्या अंगातही ते बहुतेक वेळा जवळपास तेवढंच असतं. कमी झालेलं असतं ते रक्तातलं हिमोग्लोबिन, म्हणजे तांबड्या पेशींमधला, प्राणवायू धरून ठेवणारा लाल पदार्थ. डॉक्टर त्याला 'एचबी' म्हणतात. दर १०० मिलिलिटर रक्तात तो किती ग्रॅम आहे, तेच हे ग्रॅम.

एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिलिलिटर प्राणवायू वाहतं. एचबी १२ असेल तर १०० मिलिलिटर रक्तातून १६ मिलिलिटर प्राणवायू जातो. एचबी ४ झालं की तोच साडेपाचच्याही खाली येतो. माल एक तृतीयांश, खाणारी तोंडं तेवढीच.

सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलाचं एचबी ११ च्या खाली गेलं तर रक्तक्षय, ७ च्या खाली गेलं तर तीव्र रक्तक्षय, असं जागतिक आरोग्य संघटनेचं २०२४ पर्यंत वर्षानुवर्षं वापरात असलेलं माप होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातली या वयाची ६८.९ टक्के मुलं ११ च्या खाली सापडली. आकडा लाजिरवाणा आहे, पण त्यातली बहुतेक मुलं ७ च्या वरची. त्यांना लोह हवं, धड जेवण हवं, जंतांचं औषध हवं. रक्ताच्या पिशवीशी त्यांचा संबंध नाही. हे प्रकरण त्या यादीच्या तळाशी असलेल्या, सहाच्या खाली घसरून दवाखान्यात आलेल्या मुलांचं आहे.

२. टंचाईतले टँकर

मग चार ग्रॅमवर मूल जगतं तरी कसं? एखाद्या दुष्काळी गावाची कल्पना करा. चांगल्या दिवसांत गावाला रोज बारा टँकर येतात आणि गाव त्यातलं पाव पाणीच उतरवून घेतं. उरलेलं पाणी घेऊन टँकर परत जातात. शरीरातही असंच चालतं. निवांत बसलेल्या माणसाच्या पेशी रक्तातला साधारण चौथा हिस्सा प्राणवायू काढून घेतात, बाकीचा तसाच माघारी जातो.

आता टँकर चारच उरले. गाव काय करेल? एक, आलेला टँकर तळापर्यंत रिकामा करेल. दोन, ड्रायव्हर खेपा वाढवेल. म्हणून या मुलांची छाती धडधडताना दिसते, नाडी मिनिटाला दीडशेच्या पुढे पळते. तीन, रस्त्यावर वाहनं कमी म्हणून टँकर वेगाने येतील. पेशी कमी झालेलं रक्त पातळ होतं आणि बारीक नळ्यांमधून सहज सरकतं. चार, हिमोग्लोबिनची पकडही सैल होते, पेशींपाशी आल्यावर ते प्राणवायू लवकर सोडतं.

ही सगळी जुळवाजुळव व्हायला वेळ लागतो. लोहाच्या कमतरतेने महिनोन्महिने हळूहळू खाली आलेलं मूल एचबी ४ असतानाही अंगणात रांगताना दिसतं. आई म्हणते, "जरा किरकिर करतो, माती खातो, बाकी बरा आहे." मलेरियात तसं नसतं. मलेरियाचे परजीवी तांबड्या पेशीत शिरून वाढतात आणि ती फोडून बाहेर पडतात, शिवाय न बिघडलेल्या पेशीही मोठ्या संख्येने नष्ट होतात. निम्मे टँकर एका रात्रीत उलटले, तर गावाला तयारी करायला सवड कुठली?

दोघांचाही आकडा तोच, पण जिवाला धोका सारखा नाही. बाकड्यावरच्या आजींना पहिलं उत्तर इथे मिळतं, पण अर्धवट.

३. सियायाचे २४३३

पश्चिम केनियात, व्हिक्टोरिया सरोवराच्या बाजूला, सियाया नावाचं जिल्हा रुग्णालय आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या डॉक्टरांपुढे मोठा पेच होता. मलेरियाने फिकट पडलेल्या मुलांना रक्त द्यायचं तर त्या पिशवीतून एचआयव्ही जाण्याची भीती. आफ्रिकेत तेव्हा ही साथ पसरत होती आणि रक्ततपासणीची सोय सगळीकडे पोचलेली नव्हती. किन्शासा शहरात मलेरियासाठी रक्त दिलेल्या मुलांमध्ये एचआयव्ही सापडल्याचं तोवर प्रसिद्धही झालं होतं. आज वाचवलेलं मूल काही वर्षांनी त्याच पिशवीमुळे जायचं. तेव्हा साधा वाटणारा प्रश्न नव्याने विचारावा लागला : रक्त दिल्याने मुलं खरोखर वाचतात का? आणि कोणती?

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १९९२ साली त्याचं उत्तर छापून आलं. रुग्णालयात भरती झालेल्या २४३३ मुलांची नोंद ठेवली होती. त्यातल्या २९ टक्के मुलांचं एचबी ५ च्या खाली होतं. आपल्याकडे असा वॉर्ड डोळ्यांपुढे आणणंही कठीण : दर दहा खाटांमागे तीन मुलांच्या अंगात नेहमीच्या निम्मंही हिमोग्लोबिन नाही. वीस टक्के मुलांना रक्त दिलं गेलं.

फायदा सरसकट सगळ्यांना झाला नाही. ज्यांचं एचबी ३.९ च्या खाली होतं, त्यांच्यात रक्त मिळालेल्यांचे मृत्यू कमी. ज्यांना श्वासाचा त्रास होता आणि एचबी ४.७ च्या खाली होतं, त्यांच्यात तर फरक आणखी ठळक. श्वास शांत असलेल्या, एचबी ३.९ च्या वर असलेल्या मुलांना रक्त दिल्याने जगण्याची शक्यता वाढल्याचं दिसलं नाही. दुसरी गोष्ट वेळेची. रक्त भरतीच्या दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी मिळालं तरच उपयोग झाला, तिसऱ्या दिवशीच्या पिशवीने मृत्यू टळले नाहीत.

४. तुलनेतला चकवा

इथे जरा थांबू. "रक्त दिलेली मुलं" आणि "न दिलेली मुलं" अशी सरळ तुलना करणं घातक असतं. का, ते काल्पनिक आकड्यांवर पाहू.

समजा एका वॉर्डात १०० फिकट मुलं आली. ४० जणांना धाप आहे, ६० जणांना नाही. पिशव्या मोजक्या, म्हणून डॉक्टरांनी धाप असलेल्यांतल्या ३० जणांना आणि धाप नसलेल्यांतल्या १० जणांना रक्त दिलं. रक्त मिळालेल्या ३० धापेच्या मुलांतली ६ गेली, न मिळालेल्या १० मधली ४ गेली. धाप नसलेलं एकही मूल गेलं नाही. म्हणजे धापेच्या मुलांत रक्तामुळे मृत्यू ४० टक्क्यांवरून २० वर आले, निम्मे झाले.

आता धापेचा रकाना पुसून टाका. रक्त मिळालेली ४०, मृत्यू ६ : पंधरा टक्के. न मिळालेली ६०, मृत्यू ४ : सातही नाहीत. कागदावर रक्तच मारक ठरलं! आजारी असेल त्यालाच औषध मिळतं, म्हणून औषध घेणारेच जास्त मरताना दिसतात. गावात "त्या दवाखान्यात नेलेला माणूस परत येत नाही" ही ख्याती अनेकदा अशीच तयार होते. सगळीकडून हात टेकल्यावरच लोक तिथे जातात.

उलटा चकवाही आहे आणि तो जास्त लबाड आहे. पिशवी यायला चार तास लागतात. दुसऱ्या तासाला गेलेलं मूल आपोआप "रक्त न मिळालेल्यां"च्या रकान्यात जमा होतं. पूर्व आफ्रिकेतल्या तापाच्या मुलांच्या एका मोठ्या अभ्यासात, एचबी ५ च्या खाली असूनही ज्यांना रक्त मिळालं नाही त्यांतली निम्म्याहून जास्त मुलं आठ तासांच्या आत दगावली, आणि त्यातले बहुतेक मृत्यू पहिल्या अडीच तासांतले. त्यांना रक्त नाकारलं म्हणून ती गेली, की रक्त हाती येण्याआधीच गेली? नुसत्या नोंदवहीवरून हे सांगता येत नाही. पण रक्तपेढीचा फ्रिज वॉर्डापासून किती दूर आहे हाही उपचाराचाच भाग आहे, एवढं त्यातून नक्की कळतं.

५. धाप कशाची?

सियायाच्या आकड्यांत श्वास पुन्हा पुन्हा समोर येतो. फिकट मुलाला धाप का लागते, याचं जुनं उत्तर होतं : हृदय थकलं. ड्रायव्हर खेपा मारून दमला, फुप्फुसात पाणी साठलं. त्यावरचा उपायही त्याला साजेसाच, लघवी वाढवणारं इंजेक्शन द्या आणि रक्त देताना हात आखडता घ्या, नाहीतर हृदयावर ताण येईल. पिढ्यान्‌पिढ्या डॉक्टर हेच शिकले.

केनियाच्या किनाऱ्यावर किलिफी गावी १९८९ मध्ये एक संशोधन केंद्र सुरू झालं. तिथल्या डॉक्टरांनी १८४४ मलेरियाग्रस्त मुलांचा अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध केला. जी मुलं दगावली त्यांतल्या बहुतेकांत भरतीच्या वेळी दोनपैकी एक तरी खूण होती : शुद्ध हरपत चाललेली, किंवा श्वासाचा त्रास. आणि हा श्वास नीट पाहिल्यावर तो न्यूमोनियासारखा उथळ, भराभर घेतलेला नव्हता. तो खोल होता. धावून आलेल्या माणसासारखं मूल छाती भरून श्वास घेत होतं, निजल्या निजल्या.

चुलीचं उदाहरण घ्या. गॅस संपला की घरात ओली लाकडं पेटवतात. स्वयंपाक होतो, पण घरभर धूर. पेशींना प्राणवायू पुरेनासा झाला की त्याही प्राणवायूशिवायच्या रीतीने शक्ती काढतात, आणि त्यातून आम्ल साठतं, लॅक्टिक ॲसिड. रक्त आंबट होऊ लागतं. कार्बन डायऑक्साइडही रक्ताला आंबटपणा आणतो, म्हणून शरीर तो तरी जोराने बाहेर फेकायला बघतं. खोल श्वास म्हणजे घरातला धूर घालवायला सताड उघडलेल्या खिडक्या.

तेव्हा यातल्या बहुतेक मुलांचं हृदय हरलेलं नव्हतं, पेशी उपाशी होत्या. त्यांना लघवीचं इंजेक्शन नको होतं, रक्त हवं होतं आणि तेही ताबडतोब. (हृदय खरोखर थकलेली आणि अति कुपोषित मुलंही असतात. त्यांच्या बाबतीत रक्त कमी आणि सावकाश देण्याची जुनी सावधगिरी आजही खरी.)

आता बाकड्यावरच्या शेजारच्या बाईची नात आठवा. साडेपाच भरलं होतं, पण तिची छाती वरखाली होत होती आणि हाक मारली तरी ती डोळे उघडत नव्हती. आजींच्या नातवाचं साडेचार, पण तो बिस्किटासाठी रडत होता. रडायला ताकद लागते.

जागतिक आरोग्य संघटनेचा नियमही याच वळणाचा आहे. एचबी ४ च्या खाली असेल तर रक्त द्यायचंच. ४ ते ६ च्या मध्ये असेल तर धाप, हरपणारी शुद्ध, गार पडलेले हातपाय अशी एखादी खूण दिसली तरच.

६. वाट पाहून बघितलं तेव्हा

हा ४ ते ६ चा पट्टा मात्र बराच काळ अंदाजावर चालला. खुणा नसलेल्या मुलाला थांबवून ठेवणं सुरक्षित आहे, याला ठोस आधार नव्हता. खात्री करायची तर चिठ्ठ्या टाकूनच करावी लागते. डॉक्टरने निवड केली की चौथ्या भागातला चकवा पुन्हा उभा राहतो. चिठ्ठीने निवड केली की दोन्ही गटांत सारखीच मुलं येतात.

हे धाडस 'ट्रॅक्ट' नावाच्या चाचणीत झालं. कॅथरिन मेटलँड यांच्या नेतृत्वाखाली, सारा किगुली, पीटर ओलुपोट-ओलुपोट अशा युगांडातल्या डॉक्टरांच्या साथीने, युगांडातली तीन रुग्णालयं आणि मलावीतलं एक अशी ती २०१४ ते २०१७ या काळात चालली. एचबी ४ ते ६ आणि धोक्याची खूण नाही अशा १५६५ मुलांची विभागणी झाली. ७७८ जणांना लगेच रक्त, ७८७ जणांना थांबून नजर.

अठ्ठावीस दिवसांत पहिल्या गटातली ७ मुलं गेली, दुसऱ्यातली १३. हा तर जवळजवळ दुप्पट फरक! पण नाणं वीस वेळा उडवून पाहा. सात-तेरा किंवा त्याहून एकतर्फी निकाल साधारण चारातून एकदा निव्वळ योगायोगाने येतो. एवढ्याशा आकड्यावरून लगेच रक्त देण्याने जीव वाचतात असं म्हणता येत नाही. त्यामुळे "फरक आढळला नाही" असा निष्कर्ष निघाला आणि रक्ताच्या टंचाईने गांजलेल्या देशांना तो सोयीचाही होता.

मला मात्र या चाचणीतला दुसराच आकडा जास्त बोलका वाटतो. थांबवलेल्या गटातल्या ४९ टक्के मुलांना पुढे रक्त द्यावंच लागलं. ठराविक तासांनी एचबी पुन्हा तपासलं जात होतं, ४ च्या खाली घसरलं किंवा धाप सुरू झाली की पिशवी लागत होती. म्हणजे या चाचणीत "रक्त न देणं" तपासलं गेलं नाही. तपासलं गेलं ते डोळ्यांत तेल घालून वाट पाहणं, तेही रक्त हाताशी असताना. रात्रपाळीला पन्नास मुलांमागे एक परिचारिका आणि रक्तपेढी तालुका ओलांडून पलीकडे, अशा ठिकाणी "थांबून पाहू" याचा अर्थ पार वेगळा होतो.

आणि ही मुलं होती मलेरियाच्या मुलखातली. थॅलेसेमियाच्या मुलाला आयुष्यभर दर काही आठवड्यांनी रक्त लागतं, एचबी ४ पर्यंत उतरू देण्याचा तिथे प्रश्नच येत नाही. गडचिरोली किंवा नंदुरबारच्या सिकलसेल असलेल्या मुलाचं एचबी नेहमीच सात-आठ असू शकतं. ते अचानक घसरलं तर तो दिवस धोक्याचा.

७. किती, आणि किती ताजं?

पिशवी लावायचं ठरलं, तर किती चढवायचं? वापरातलं माप किलोमागे २० मिलिलिटर, तीन-चार तासांत. हिशेब करून पाहू. दहा किलोचं मूल, ८०० मिलिलिटर रक्त, एचबी ४. हिमोग्लोबिन एकूण ३२ ग्रॅम. दात्याच्या रक्तात १२ धरलं, तर २०० मिलिलिटरमधून २४ ग्रॅम आले. झाले ५६. जास्तीचं पाणी शरीर एक-दोन दिवसांत बाहेर टाकतं, मग ५६ भागिले आठ, म्हणजे ७. किलोमागे ३० दिलं असतं तर साडेआठ.

'ट्रॅक्ट'मध्येच ३१९६ मुलांवर २० आणि ३० ची तुलना झाली. सगळी मुलं एकत्र धरली तर मृत्यूंत खात्रीचा फरक नाही. पण ताप नसलेल्या मुलांत जास्त रक्ताने मृत्यू निम्म्याहून कमी झाले, आणि ताप असलेल्यांत तेच जास्त रक्त घातक ठरलं, मृत्यू वाढले. थर्मामीटर पाहून पिशवीचं माप ठरवावं लागेल, असं आधी कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. याचं कारण अजून पक्कं उलगडलेलं नाही.

राहता राहिला ताजेपणा. आपल्याकडे नातेवाईक हमखास विचारतात, "रक्त ताजं आहे ना? शिळं नको." कंपालातल्या मुलागो रुग्णालयात एचबी ५ पर्यंत उतरलेल्या आणि रक्त आंबट झालेल्या २९० मुलांवर हेच तपासलं गेलं, निकाल २०१५ मध्ये आला. निम्म्यांना दहा दिवसांच्या आतलं रक्त, निम्म्यांना २५ ते ३५ दिवस फ्रिजमध्ये ठेवलेलं. आठ तासांनी आंबटपणा उतरलेल्या मुलांचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच, साधारण साठ टक्के. नीट साठवलेली, मुदतीतली पिशवी हाताशी असताना ताज्या दात्याच्या शोधात दोन तास घालवणं म्हणजे चौथ्या भागातल्या त्या अडीच तासांशी जुगार.

८. वॉर्डाबाहेरचे सहा महिने

थांबवलेल्या आणि न थांबवलेल्या मुलांची कथा अठ्ठाविसाव्या दिवशी संपली नाही. चाचणीवाल्यांनी सहा महिने पाठपुरावा केला. पहिल्या २८ दिवसांत दोन्ही गट मिळून २० मृत्यू झाले होते. १८० व्या दिवशी ती संख्या ८२ होती. म्हणजे चारातले तीन मृत्यू नंतरचे. तोवर ही मुलं गालावर लाली घेऊन, आईच्या पाठीवर झोळीत बसून घरी गेलेली होती.

असं का होतं? चढवलेल्या पेशी उसन्या. त्या महिना-दोन महिन्यांत संपत जातात, आणि मधल्या काळात मुलाच्या हाडांतल्या मगजाने स्वतःच्या पेशी तयार करायच्या असतात. पण घर तेच, डबकं तेच, डासही तेच. मगज उभारी धरेपर्यंत पुढचा मलेरिया येऊन धडकतो. घरी जाताना जास्तीची जीवनसत्त्वं, किंवा तीन महिने रोज प्रतिजैविक, असे दोन उपाय 'ट्रॅक्ट'नेच करून पाहिले. दोन्हींनी मृत्यू कमी झाले नाहीत.

उपयोग झाला तो मलेरियाच्याच औषधाचा. केनिया आणि युगांडात तीव्र रक्तक्षयातून बरं होऊन घरी निघालेल्या १०४९ मुलांपैकी निम्म्यांना दुसऱ्या, सहाव्या आणि दहाव्या आठवड्यात तीन-तीन दिवस मलेरियाच्या गोळ्या दिल्या, ताप असो वा नसो. बाकीच्यांना दिसायला तशाच, पण औषध नसलेल्या गोळ्या. सहा महिन्यांत मृत्यू किंवा पुन्हा भरती होण्याचं प्रमाण खऱ्या गोळ्यांच्या गटात ३५ टक्क्यांनी कमी राहिलं. हा निकाल २०२० मध्ये आला, आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मलेरियाच्या मुलखांसाठी ही शिफारस स्वीकारली. फायदा जवळजवळ सगळा पहिल्या चौदा आठवड्यांतला. शेवटच्या गोळीचा अंमल उतरेपर्यंत दोन गटांतली दरी मोठी, त्यानंतर ती आणखी रुंदावत नाही. पण तोपर्यंत मुलाच्या अंगात त्याच्या स्वतःच्या मगजाने घडवलेलं रक्त खेळू लागलेलं असतं.